पायाखालचा रंग

फार जुन्या काळी नदीच्या काठी एक गाव होते. त्या गावाचे नाव कुणी लिहून ठेवले नाही, पण त्याच्या चावडीची भिंत मात्र सांगणाऱ्यांनी लक्षात ठेवली. लहानांनो आणि थोरांनो, ही गोष्ट त्या भिंतीची आहे.

भिंत लांब होती, चुन्याने पांढरी केलेली होती, आणि वरचे छप्पर पुढे आलेले असल्यामुळे पाऊस तिला थेट लागत नसे. तिच्यावर गावातल्या सुनांनी चित्रे काढली होती. तशी तिथली रीतच होती. लग्न होऊन आलेल्या प्रत्येक सुनेने पहिल्या उन्हाळ्यात या भिंतीवर एक चित्र काढायचे. चित्र कशाचेही चालेल, पण रंग तिच्या माहेरच्या रानातला हवा, तिने स्वतः शोधलेला आणि स्वतः तयार केलेला. प्रत्येकीला एकदाच जागा मिळे.

त्या चित्राने एक पावसाळा काढला, की पुढच्या पेरणीला ती सून इतर बायकांबरोबर शेतात उतरून बियाण्याची मूठ सोडायची. चित्र नसेल किंवा टिकले नसेल, तर तिने बांधावर घागर घेऊन उभे राहायचे आणि बाकीच्यांना पाणी द्यायचे. कुणी तिला वाईट बोलत नसे. पण बांध तो बांधच.

त्या वर्षी गावात एकच नवी सून आली होती. ती माळावरची होती. माळ म्हणजे उघडी, उंच, कोरडी जमीन. तिथे झाडे थोडी आणि दगड फार. तिथली घरे मातीची आणि मातीनेच सारवलेली. तिथे चुना मिळत नसे. कुंकूसुद्धा बांगड्या घेऊन येणारा कासार आणून द्यायचा.

सासरी सगळे तिला धाकटी म्हणत. तिची मोठी जाऊ, म्हणजे थोरली, गेरूच्या डोंगराकडची होती. थोरलीने भिंतीवर गेरूचा तांबडा हत्ती काढला होता. खाडीकडून आलेल्या पाटलीणबाईंनी करवंट्या जाळून, त्यांची काजळी खलून काळे मासे काढले होते. सासूने ओढ्यातला हिरवट दगड उगाळून पोपटांची रांग काढली होती. पिवळा रंग मात्र भिंतीवर कुणाचाच नव्हता.

नदीवर धुणे धुताना थोरलीने विचारले, "काय गं धाकटे, तुझ्या माळावर पिकतं तरी काय? दगड आणि दगडांची पिल्लं?"

बायका हसल्या. धाकटीही हसली.

"आमच्याकडे डोंगर खरवडला की गेरू निघतो," थोरली म्हणाली. "तुमचा माळ खरवडला तर काय निघेल?"

"आणखी माळ!" पलीकडून कुणीतरी म्हणाले.

या वेळी धाकटीला हसता आले नाही. ती धुणे पिळत राहिली. पिळून झालेले लुगडे तिने पुन्हा एकदा पिळले.

उन्हाळा लागल्यावर ती रंग शोधायला माहेरी गेली. तिने सगळा माळ पालथा घातला. तरवडाची पिवळी फुले खुडून त्यांचा रस काढला आणि एका दगडावर लावून पाहिला. दोन दिवसांत तो पुसट झाला. निवडुंगाची लाल बोंडे काटे काढून चेचली. त्यांचा रंग इतका सुंदर आला, की तिने आईला हाक मारून दाखवला. आई हातातले काम टाकून येईपर्यंत ठीक होता, पण दुसऱ्या दिवशी उन्हाने तो तपकिरी झाला. बाभळीची साल उकळली, ती सुरुवातीपासूनच तपकिरी होती. माळावरचे सगळे रंग शेवटी मातीच्या रंगाला येऊन मिळत होते.

तिचा बाप हे सगळे बघत होता. तो म्हणाला, "पोरी, आपल्याकडे एकच रंग आहे. पण तो बक्कळ आहे."

"आबा, त्याला रंग म्हणत नाहीत. ती माती आहे."

"गेरू काय असतो मग?"

धाकटीने कुदळ उचलली. बापाने माती खणून दिली नाही, कारण रीत त्यालाही माहीत होती. पण कशी करायची ते त्याने शेजारी बसून सांगितले. तिने माती पाण्यात कालवली. खडे खाली बसल्यावर वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतले. ते निवळू दिले. तळाशी सायीसारखी मऊ माती बसली. तिच्या वड्या करून तिने उन्हात वाळवल्या. बाभळीचा डिंक जमवला.

"डिंकाच्या पाण्यात वडी खलायची," बाप म्हणाला. "आपली धान्याची कणगी याच मातीने लिंपलेली आहे. तुझ्या आजाच्या वेळची आहे, अजून एक भेग नाही."

"हो आबा," धाकटी म्हणाली. वड्या तिने फडक्यात बांधल्या. त्या सुकलेल्या शेणीसारख्या दिसत होत्या. हे घेऊन थोरलीच्या तांबड्या हत्तीशेजारी उभे राहायचे, या विचाराने तिचे कान गरम झाले.

बाप तिला बैलगाडीतून सासरी पोचवायला निघाला. वाटेत एक हळदीचे गाव लागले. अंगणाअंगणात हळद शिजवून वाळत घातली होती. पाणी प्यायला ते एका घरी थांबले, तेव्हा त्या घरच्या बाईने सासरी निघालेली लेक पाहून रिवाजाप्रमाणे तिची ओटी भरली. तांदूळ घातले, आणि घरची म्हणून ओंजळभर हळकुंडे घातली.

धाकटी गाडीत येऊन बसली. तिने एक हळकुंड मोडून पाहिले. आत केवढा पिवळा रंग होता! बाप पुढे बैल हाकत होता. त्याची पाठ तिच्याकडे होती.

सासरी आल्यावर, घरात कुणी नाही असे पाहून, तिने पाट्यावर हळद वाटली. पाटा तिने चार वेळा धुतला. तरी त्या दिवशी शेंगदाण्याची चटणी पिवळी झाली. सासूने ती चटणी भाकरीबरोबर खाल्ली आणि काही विचारले नाही.

चित्राचा दिवस आला. घरच्यांनी भिंतीवरची तिची जागा आदल्या दिवशी नव्या चुन्याने पांढरी करून ठेवली होती. सगळा गाव जमला. धाकटीने वाटी उघडली.

"पिवळा!" थोरली म्हणाली. "हा कुठं सापडला गं?"

"माळावर. एका जागी माती अशी आहे," धाकटी म्हणाली. हे वाक्य तिने वाटेत पुष्कळदा मनात म्हणून पाहिले होते, त्यामुळे ते अडखळले नाही.

तिने काडीला कापूस बांधून कुंचला केला होता. तिला एक पिवळा पक्षी काढायचा होता. तिने चोच काढली, डोके काढले, पंख भरले. हात चांगला होता तिचा. शेपटी काढायला ती खाली वाकली, आणि मागे कुजबूज सुरू झाली. तिने मान वर करून पाहिले. पक्ष्याचे डोके लाल झाले होते. मग मान लाल झाली, आणि तिच्या डोळ्यांदेखत पंखही.

"अरे, पिवळ्याचा लाल झाला!" पाटील ओरडले. "बघितलंत का? हा कौल आहे देवाचा! नारळ आणा रे!"

पुरुषांनी हात जोडले. नारळ आला, फुटला. दुसराही फुटला. बायका मात्र गप्प होत्या. पाटलीणबाईंनी पदर तोंडाला लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते.

सासू पुढे आली. तिने पक्ष्याकडे पाहिले, मग सुनेच्या बोटांकडे.

"माती कुठली म्हणालीस?"

"माळावरची, आत्याबाई."

"बरं," सासू म्हणाली, आणि घरी गेली.

तुम्हाला वाटेल, धाकटी खूश झाली असेल. ती घाबरली होती. रंग लाल का झाला, हे तिला स्वतःलाच कळले नव्हते. आणि नदीवर बायका फारच गोड बोलू लागल्या होत्या.

"धाकटे, तुझ्या मातीला वास बरा येतो गं," एकजण म्हणाली.

"चिमूटभर दे की," दुसरी म्हणाली. "आमटीत घालून बघते."

"मला पण दे. आमच्या ह्यांचा पाय मुरगळलाय, लेप घालते," थोरली म्हणाली, आणि सगळ्या अशा हसल्या की एकीचे लुगडे वाहून चालले होते.

तेव्हा धाकटीला कळले, की या सगळ्यांना माहीत आहे. पण कुणीही तिला तोंडावर खोटी म्हटले नाही. आपण गप्प राहिलो तर हे हसणे हळूहळू थांबेल, असे तिने ठरवले.

थांबलेही असते. पण पाटलांना एक कल्पना सुचली. ते धाकटीच्या दारी आले आणि म्हणाले, "सूनबाई, या वर्षी सगळं देऊळ तुमच्या माळावरच्या मातीनं रंगवायचं. उद्या सकाळी चार गाड्या पाठवतो. तुमच्या वडलांना पागोटं बांधू, मानानं माती मागू. नाही म्हणायचे नाहीत ना ते?"

धाकटीने मान खाली घातली. पाटलांना ते लाजणे वाटले. ते खूश होऊन गेले.

ती तशीच उंबऱ्यात बसली. उद्या चार गाड्या आबांच्या दारात उभ्या राहतील. डोक्याला नवे पागोटे बांधतील आणि पिवळी माती मागतील. आबा म्हणतील, अशी माती इथे नाही. गाडीवाले म्हणतील, लपवता काय? तुमची मुलगीच सांगते आहे. मग आबांनी काय करायचे? एक तर स्वतः खोटे ठरायचे, नाहीतर पोरीला खोटे ठरवायचे.

दिवेलागणीला ती सासूजवळ गेली. सासू तांदूळ निवडत होती.

"आत्याबाई, ती माती नव्हती. हळद होती."

"मला काय सांगतेस? मी पिवळी चटणी खाल्लीय."

"पण मग ती लाल कशी झाली?"

सासूने सूप खाली ठेवले. "अगं, हळदीला चुना लागला की ती लाल होणारच. आम्ही कुंकू कशाचं करतो? वर्षाला घरोघरी हळद आणि चुना एकत्र करतो. भिंतीजवळ जी जी बाई उभी होती, तिला तिथल्या तिथे कळलं."

"मग कुणी बोललं का नाही?"

"चित्र तुझं. बोलायचंही तूच."

"आणि पाटील? त्यांनी तर नारळ फोडले."

"त्यांनी आम्हाला विचारलं असतं, तर सांगितलं असतं," सासू म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.

सकाळी चावडीसमोर चार गाड्या जुंपून तयार होत्या. पाटलांच्या हातात नवे पागोटे होते. धाकटी पहिल्या गाडीच्या बैलांसमोर जाऊन उभी राहिली. तिला चार माणसांत बोलायची सवय नव्हती. तिने बैलांकडे बघूनच सांगितले.

"माळावर पिवळी माती नाही. मी हळद लावली. मला माझ्या मातीची लाज वाटली म्हणून. आबांना यातलं काही माहीत नाही. गाड्या पाठवू नका."

एका बैलाने शेपटी हलवली. पाटलांचा चेहरा त्या पक्ष्यासारखा लाल झाला.

"मी नारळ फोडले त्या हळदीपुढं!"

"नारळाची काळजी करू नका," पाटलीणबाई म्हणाल्या. "त्याची चटणी झाली, आणि तुम्हीच दोनदा मागून घेतलीत."

सगळे हसले. पाटील हसले नाहीत. "हिने गावाला फसवलं. ते चित्र पुसून टाका, आणि हिला कायमची बांधावर उभी करा."

"भिंत बायकांची आहे," सासू म्हणाली. "पुसायचं की नाही, ते आम्ही बघतो."

थोरली पुढे आली. तिच्या बोलण्यात आता हसू नव्हते. "पुसायचं काही कारण नाही. हळद आहे, ऊनच पुसेल. पण धाकटे, तुझी जागा तू वापरलीस. रीत एकाच जागेची आहे. दुसरी तुला मिळणार नाही. चित्र टिकलं नाही, की तू बांधावर. हे पाटील म्हणतात म्हणून नाही, रीत आहे म्हणून."

हे खरे होते, आणि धाकटीलाही ते माहीत होते. तिने भिंतीकडे पाहिले. बरीच जागा चित्रांनी भरली होती, आणि उरलेली पुढच्या सुनांची होती. पण सगळ्या चित्रांच्या खाली, जमिनीला लागून, हातभर रुंदीची एक पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी होती. तिथे कुणी काढत नसे, कारण तिथे पावसाचे शिंतोडे उडत आणि कोंबड्या उकरत.

"ती जागा कुणाची आहे?" तिने विचारले.

"ती? ती कुणाचीच नाही," थोरली म्हणाली. "तिथं काढलेलं पाऊस ठेवत नाही."

"मी घेऊ?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिले. सासू म्हणाली, "घे. पण या वेळी रंग दाखव आधी."

धाकटीने घरातून फडके आणले आणि सगळ्यांसमोर सोडले. तपकिरी वड्या. कुणीतरी म्हणाले, "आणखी माळ." पण हळू म्हणाले. धाकटी म्हणाली, "हो. माळच आहे."

तिने डिंकाच्या पाण्यात वडी खलली आणि भिंतीच्या टोकाशी गुडघे टेकून बसली. त्या रंगात फूल शोभले नसते, पक्षी शोभला नसता. म्हणून तिने काहीच काढले नाही. तिने नुसती जमीन काढली. कुठे थोडा चढ, कुठे उतार, कुठे एखादा दगड, जशी माळावर असते तशी.

जमीन पाटलीणबाईंच्या माशांखालून गेली आणि ती नदीचा तळ झाली. पोपटांच्या खालून गेली. इतकी वर्षे ते पोपट बसले आहेत की उडत आहेत, हे कळत नव्हते. आता खाली जमीन आल्याबरोबर ते वर उडताना दिसू लागले.

मग ती हत्तीपाशी पोचली. थोरली तिथेच कमरेवर हात ठेवून उभी होती. धाकटीने हत्तीच्या चारही पायांखालून रंग नेला आणि ती बाजूला सरली.

थोरलीने वाकून हत्तीचे पाय पाहिले. "अगंबाई," ती म्हणाली, "एवढी वर्षं माझा हत्ती अधांतरी होता. माझ्या कधी लक्षातच नाही आलं."

वड्या तिथे संपल्या. निम्मी भिंत उरली होती. पलीकडची चित्रे अजून हवेत होती, आणि आता ते सगळ्यांना दिसत होते. त्यांच्या मालकिणी ओरडू लागल्या, "आमच्या खाली कोण काढणार?"

पाटील गाडीला टेकून उभे होते. जुंपलेली गाडी रिकामी सोडणे त्यांच्या जिवावर येत होते. शेवटी ते म्हणाले, "चारांतली एक गाडी जाऊ दे माळाला, पागोटं घेऊन. पण माती तिनेच खणायची. रीत ती रीत."

अशी गाडी गेली, आणि धाकटीही गेली. बापाने दारात गाडी पाहिली, पागोटे पाहिले आणि विचारले, "एवढी माती कशाला? तुझं चित्र केवढं आहे?"

"लांब आहे, आबा. पुरेल ना?"

"म्हणालो होतो की," बाप म्हणाला. "बक्कळ आहे."

तिने त्यालाही हळदीचे सगळे सांगितले. सगळे ऐकून त्याने तिला खणायला कुदळ दिली.

उन्हाळा संपेपर्यंत लाल पक्षी आधी फिका झाला, मग गुलाबी झाला, आणि एके दिवशी त्या जागी नुसता पांढरा चुना राहिला. पावसाळा आला. अंगणातल्या चिखलाचे शिंतोडे खालच्या पट्टीवर उडाले. पण चिखलही मातीचाच. तो वाळून गळून गेला, आणि राहिला तो त्या जमिनीत मिसळून गेला. कोंबड्यांनी उकरून पाहिले, पण कणगीची ती माती सुटली नाही.

पुढच्या पेरणीच्या दिवशी धाकटीने सवयीने घागर उचलली आणि ती बांधाकडे निघाली.

"ए माळावरचे," शेतातून थोरली ओरडली, "घागर ठेव खाली! तुझ्या जमिनीवर आमचा हत्ती उभा आहे, आणि तू बांधावर उभी राहतेस होय? ये इकडे, मूठ धर."

धाकटी शेतात उतरली. थोरलीने तिच्या हातात बियाणे ओतले. बोटांवरचा हळदीचा डाग कधीच निघून गेला होता. नखांत मात्र माती होती.

तेव्हापासून त्या गावात नवी सून चित्र काढायला आली, की आधी तिला भिंतीवरची एक मोकळी पांढरी जागा दाखवीत आणि इथे काय होते ते सांगत. मग तिला खालची तपकिरी पट्टी दाखवीत आणि म्हणत, "आता याच्यावर काय उभं करायचं ते कर."

तात्पर्य : उसना रंग उन्हात उडून जातो; उभे राहायला शेवटी आपलीच माती लागते.